मेलेल्या माणसाच्या तोंडी नवं वाक्य घालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विज्ञानकथांमधल्या मृतांच्या ‘डिजिटल पुनर्जन्मा’वर लेख आला होता. गेलेल्या माणसाचे मेसेज, फोटो आणि आवाज संगणकाला द्यायचे आणि त्यातून त्याचा बोलता-चालता अवतार उभा करायचा, ही कल्पना परदेशी लेखकांनी कशी रंगवली ते त्यात चांगलं सांगितलं होतं. लेखाच्या शेवटी मात्र म्हटलं होतं की आपल्या ग्रामीण भागात हे सगळं यायला अजून बराच अवकाश आहे. त्या वाक्यामुळे हे पत्र लिहितो आहे. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औशात ते आलं आहे. माझ्या दुकानाच्या काउंटरपर्यंत आलं आहे.

माझा औशात फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केलेला. डार्करूममधला लाल दिवा, फोटो मोठे करायचा एन्लार्जर आणि हायपो या रसायनाचा वास यांत मी वाढलो. बी.एस्सी. झालो आणि पुन्हा त्याच खोलीत आलो. आमच्या धंद्यात लग्नाचं काम सगळ्यांना दिसतं, मयताच्या कामाबद्दल कोणी बोलत नाही. पण तालुक्याच्या गावातला स्टुडिओ त्या कामावरही चालतो. घरातलं माणूस जातं, आणि दहाव्याच्या आत कुणीतरी रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, नाहीतर वीस वर्षांपूर्वीच्या लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतं. मागच्या रांगेतलं डोकं तेवढं घ्यायचं, मोठं करायचं, अंगावर कोट किंवा डोक्याला फेटा चढवायचा. नवराबायको जन्मात कधी शेजारी-शेजारी फोटोला उभे राहिलेले नसतात, त्यांना एका फ्रेममध्ये आणायचं. लिंगायतांच्या घरी मयत बसवलेलं असतं तेव्हा शेवटचा फोटो काढायला मला बोलावतात, आणि नंतर सांगतात, ‘डोळे तेवढे उघडून द्या.’ पूर्वी हे निगेटिव्हवर पेन्सिलनं रिटचिंग करून व्हायचं, आता फोटोशॉपवर होतं. गेलेल्याला परत बघावंसं वाटणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

वडिलांचा एक दंडक होता. कपडे बदला, मागचा पडदा बदला, पण चेहरा त्या माणसाचाच राहिला पाहिजे. देवीचे व्रण असले तर राहू द्यायचे. आणि फ्रेमखाली किंवा श्रद्धांजलीच्या फलकावर जे शब्द येतील ते मागे राहिलेल्यांचे. आजही चौकातला कुठलाही फ्लेक्स बघा. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ म्हणणारे जिवंत असतात, खाली ‘शोकाकुल’ म्हणून त्यांचीच नावं असतात. फोटोतला माणूस गप्प असतो.

आता तो दंडक मोडायची मागणी येते आहे. एक प्रकार सविस्तर सांगतो.

शेजारच्या गावातला एक तरुण शेतकरी दुकानात आला. वडील वारून वर्ष होत आलं होतं. त्याच्या मोबाईलमध्ये वडिलांचे व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेले मेसेज जपून ठेवलेले होते. ‘लाईट आली, मोटर टाक.’ ‘आडतीवरून पट्टी आणली का?’ ‘येताना बीपीच्या गोळ्या आण.’ सगळे असेच, दोन-चार शब्दांचे. त्याला या आवाजातून एक व्हिडिओ करून हवा होता. फोटोतले वडील बोलतील आणि म्हणतील, बोअरचं शेत धाकट्याला द्या. वर्षश्राद्धाला भावकी जमणार होती, तिथं टीव्हीवर लावायचा.

मी विचारलं, ‘ते असं म्हणाले होते का?’

‘म्हणाले नव्हते, मामा. पर त्यांच्या मनात तेच होतं. समद्या गावाला ठाऊक आहे.’

पोरगा लबाड नव्हता. वडिलांच्या आजारपणात दवाखान्यात तोच झोपला, तोच डबा घेऊन गेला. थोरला पुण्याला. बापाच्या मनात खरंच तसं असेलही. मी नाही म्हटलं. त्यानं मोबाईलवरच्या कुठल्याशा ॲपवर ते स्वतः करून घेतलं. असं आता कुणालाही करता येतं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२३ साली दाखवून दिलं की आवाजाची नक्कल करायला तीन सेकंदांचा नमुना पुरतो. ‘लाईट आली, मोटर टाक’ एवढं म्हणायला तीन सेकंद लागतात.

वर्षश्राद्धाच्या जेवणाला मी होतो. टीव्हीवर वडील बोलले. बोलले ते बातम्या देणाऱ्या माणसासारखं, आमच्या भागातल्या बोलीचा एक हेल त्यात नव्हता. थोरला भाऊ ताटावरून उठला. बहीण खाली मान घालून बसली, तिच्या वाट्याचं त्या व्हिडिओत कुणी काही बोललंच नव्हतं. आवाज ऐकून त्यांची आई चुलीपासून बाहेर आली. नवरा बाहेरून आल्यावर घ्यायची तसा डोईवर पदर घेतला, आणि टीव्हीसमोर उभी राहून तिनं विचारलं, ‘गोळी घेतली का?’

व्हिडिओतला माणूस शेताचं वाक्य म्हणत राहिला.

ती बाई तिथं कशी उभी होती ते मला विसरता येत नाही, आणि म्हणून मी हे पत्र शांतपणे लिहू शकत नाही. कुणाच्या बायकोला असं फसवायचा अधिकार तिच्या पोटच्या पोरालाही नाही.

आपल्या लेखात उल्लेख आलेल्या गोष्टी त्यानंतर मी मिळवून वाचल्या. इंग्रजी अडलं तिथं पुण्यातल्या पुतणीनं फोनवर समजावलं. पोलंडच्या स्टानिस्लाव लेमची ‘सोलारिस’ ही कादंबरी १९६१ सालची. दूरच्या ग्रहावर गेलेल्या माणसापुढे त्याची आत्महत्या केलेली बायको येऊन उभी राहते. तिथल्या समुद्रानं ती त्याच्याच आठवणींतून घडवलेली असते. खऱ्या बायकोला जे ठाऊक असणं शक्य नव्हतं तेही हिला ठाऊक असतं, कारण ते त्याला ठाऊक असतं. म्हणजे ती त्याच्या डोक्यातली बायको. विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी १९८४ ची. तिच्यात एका मेलेल्या हॅकरचं सगळं कसब आणि स्वभाव एका कॅसेटमध्ये भरून ठेवलेला आहे. त्याच्याकडून काम करून घ्यायला लोक येतात. तो काम करतो आणि बदल्यात एकच गोष्ट मागतो: काम झालं की मला पुसून टाका. ‘सोलारिस’मधली ती बायकोही शेवटी स्वतःहून नाहीशी व्हायचं ठरवते. ‘ब्लॅक मिरर’ या ब्रिटिश मालिकेतला २०१३ चा भाग पाहिला. तिथला तरुण अपघातात जातो. त्याच्या मैत्रिणीला आधी त्याचे नवे मेसेज येतात, मग फोनवर आवाज, मग हुबेहूब त्याच्यासारखा पुतळाच घरी येतो. तो कधी भांडत नाही, सांगेल ते ऐकतो. अखेर ती त्याला माळ्यावर ठेवते आणि तो वर्षानुवर्षं तिथंच राहतो.

एवढ्या वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या काळातल्या लेखकांनी ही कल्पना शेवटपर्यंत ताणून पाहिली, आणि त्यांच्यापैकी दोघांच्या गोष्टीत परत आणलेलं माणूसच म्हणतं, मला जाऊ द्या. यात मला फार मोठं शहाणपण दिसतं. आपल्याकडे गेलेल्याला कसं जाऊ द्यायचं हे प्रत्येक धर्मानं, प्रत्येक जातीनं आपापल्या रीतीनं ठरवून ठेवलेलं आहे. कुणाचा दहावा-तेरावा, कुणाचा चाळीसावा. पैठणला, गंगाखेडला, नांदेडला गोदावरीच्या काठावर जाऊन बघा. पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घरचे हात जोडून म्हणतात, ‘आबा, पोरीच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही करतो.’ बोलतात ते जिवंत लोक. आबांच्या आवाजात उत्तर द्यायला कुणी उभं राहत नाही. कावळा शिवला की सगळे घरी जातात, आणि पोरीच्या लग्नाचा शब्द पाळायची जबाबदारी बोलणाऱ्यावर राहते.

पण या परदेशी गोष्टींत एक उणीव आहे, आणि ती आमच्यासारख्यांनाच दिसेल. तिथं मेलेला एक आणि रडणारं एक. नवरा, मैत्रीण. आमच्याकडे माणूस मेला की त्याच्यावर हक्क सांगणारे दहा असतात. थोरला, धाकटा, चुलता, सुना, आणि सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी फेरफाराची वाट बघणारे सगळे. अवतार कुणाच्या मोबाईलमधून बनवायचा? बाप थोरल्याशी बोलायचा त्या आवाजात दबून असायचा, धाकट्याशी हुकमानं, लेकीशी वेगळंच. धाकट्याच्या मेसेजांवर बनवलेला बाप धाकट्याचाच असणार. हे यंत्र आधीच्या शब्दांवरून पुढचा संभवनीय शब्द जुळवत जातं. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. आमच्या भागातले बाप दिवसाला दहा वाक्यं बोलत नाहीत. शेताच्या वाटणीचं विचारलं की उठून गोठ्याकडे जातात. ते उठून जाणं कुठल्या मेसेजमध्ये साठतं?

माझी मराठी विज्ञानकथाकारांना मनापासून विनंती आहे की हा विषय त्यांनी घ्यावा, पण आमच्या वाड्यात आणि वस्तीवर आणून घ्यावा. मराठीत याची परंपरा आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी नाव लपवलं. २० मे २०२५ रोजी ते गेले. उद्या कुणी शाळांसाठी त्यांचा बोलता अवतार काढील आणि त्यांनी कधी न मांडलेलं मत त्यांच्या तोंडून मुलांना ऐकवील, याची मला खरंच भीती वाटते. त्यांची खरी व्याख्यानं ध्वनिमुद्रित आहेत. ती लावावीत. थांबत, शब्द शोधत बोलणारा खरा माणूस मुलांना ऐकू द्यावा.

आता किल्लारीच्या भूकंपाबद्दल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. सरकारी आकड्यानुसार जवळपास ८ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, आणि आदल्या रात्री गणपती बोळवून सगळे गाढ झोपलेले. त्या आदल्या संध्याकाळी मी विसर्जनाचे फोटो काढायला किल्लारीत होतो. मंडळाकडे पैसे कमी, म्हणून ब्लॅक अँड व्हाईट रोल टाकला होता. रात्री औशाला परत आलो. म्हणून आज आहे.

तो रोल कॅमेऱ्यात तसाच राहिला. औशातही घरं हलली होती, दुकानाच्या भिंतीला तडे होते, आम्ही सगळे मदतीच्या कामात होतो. पुढे केव्हातरी तो धुतला, प्रिंट काढायला घेतले आणि ट्रेमध्ये एकेक चेहरा वर येऊ लागला. लेझीम खेळणारी पोरं, गुलालानं माखलेले गडी, ओट्यावर उभ्या राहून मिरवणूक बघणाऱ्या बाया. मी हात थांबवला, वडिलांना हाक मारली. यातले किती जण आता नाहीत, हे आम्हा दोघांनाही त्या उजेडात मोजवेना.

बातमी पसरली आणि लोक यायला लागले. तंबूतून, पत्र्याच्या शेडमधून. ढिगाऱ्याखाली घरातली एकूण एक तसबीर गेली होती. भिंग घेऊन माणसं निगेटिव्हवर वाकायची. ‘हा, हा लेझीमवाला, हा आमचा.’ तांदळाएवढा चेहरा आम्ही पोस्टकार्डाएवढा करून द्यायचो, दाणे फुटलेले असायचे, नाक-डोळे ओळखू यायचे नाहीत, तरी माणूस उभा राहण्याच्या ढबीवरून ओळखायचं. कुणी म्हणायचं, तोंडावरचा गुलाल पुसून द्या. कुणी म्हणायचं, गुलाल राहू द्या, खुशीत गेला. वडिलांनी कुणाकडून पैसे घेतले नाहीत.

एक म्हातारी आली. तिची नात एका फोटोत होती, पण पाठमोरी, एका बाईच्या खांद्याआड. झालर लावलेला फ्रॉक दिसत होता आणि बाईचा पदर धरलेला एक हात. चेहरा नव्हता. म्हातारी मला म्हणाली, ‘बाळा, हिला जरा इकडं वळीव की.’

फोटोतलं माणूस वळत नसतं, हे मी तिला कसं समजावून सांगितलं ते आता आठवत नाही. फ्रॉक आणि हात एवढं मोठं करून दिलं. ती ते छातीशी धरून गेली.

आज तीच म्हातारी आली तर संगणक त्या पोरीला वळवून दाखवील. काही क्षणांत. डोळे, नाक, हसू, सगळं देईल. पण त्या पोरीचा चेहरा जगात कुठंही उरलेला नव्हता. मग तो चेहरा कुणाचा? लाखो परक्या पोरींच्या फोटोंवरून जुळवलेला. आणि म्हातारीच्या डोक्यात जो खरा चेहरा होता, जगातला शेवटचा, त्याच्यावर हा नवा चेहरा येऊन बसला असता. वर्षभरानं तिला खरा आठवला नसता. हे नुकसान मला सगळ्यात मोठं वाटतं. यंत्र मेलेल्याला परत आणतं की नाही हा वाद चालू राहो. जिवंत माणसाकडे उरलेली आठवण ते नक्की पुसतं. फोटोचं काम करणाऱ्याला हे लवकर कळतं. मी डोळे उघडून दिलेले फोटो बघता बघता लोकांना खरे डोळे विसरताना मी पाहिलं आहे. आवाजाचं तर याहून वाईट होणार.

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. कोरियातल्या एका वाहिनीनं फेब्रुवारी २०२० मध्ये एका आईला तिच्या सातव्या वर्षी गेलेल्या मुलीची आभासी भेट घडवली. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, समोर मुलगी. जगानं ते पाहिलं. त्या आईला मी नावं ठेवणार नाही, कुणीच ठेवू नयेत. आमच्याकडेही एक बाई आहे. तरुण मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला, त्याचा ‘आई, निघालो’ एवढाच बोललेला मेसेज ती रोज ऐकते. फोन बदलताना तो जाईल म्हणून घाबरून ती माझ्याकडे आली, मी तो दोन ठिकाणी साठवून दिला. ते दोन शब्द त्याचे आहेत. तिसरा शब्द तिनं मागितलेला नाही.

सत्तेच्या खेळात हे शिरलंच आहे. तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री एम. करुणानिधी ऑगस्ट २०१८ मध्ये गेले, आणि जानेवारी २०२४ मध्ये एका पुस्तकाच्या प्रकाशनाला पडद्यावर येऊन बोलले. पुढच्याच महिन्यात, २०१६ साली गेलेल्या जयललितांचा आवाज त्यांच्या जयंतीला कार्यकर्त्यांना आवाहन करताना ऐकवला गेला. आपल्याकडेही निवडणुका येतात. माझ्याकडे एका पुढाऱ्याचा माणूस येऊन गेला, पुढाऱ्याच्या दिवंगत वडिलांनी मतं मागावीत अशी इच्छा घेऊन. त्या वडिलांना मी ओळखत होतो. तत्त्वाचा माणूस. त्यांनी हयातीत पोरासाठी कुणापुढे हात पसरला नव्हता. मी त्याला चहा पाजून परत पाठवला. पण उद्या दुसरा कुणी करून देईल.

त्या मानानं ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये ‘लाल सलाम’ या चित्रपटातल्या एका गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज वापरले, तेव्हा दोन्ही कुटुंबांना विचारलं आणि मोबदला दिला, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. हे बरं झालं. तरीही विचारलं ते वारसांना. गायकांना विचारायची वेळ निघून गेलेली होती.

कायदा काय म्हणतो तेही मी वकील मित्राकडून समजून घेतलं. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांनी मुलाच्या आयुष्यावरच्या चित्रपटाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं की खासगीपणाचा आणि व्यक्तिमत्त्वाचा हक्क माणसाबरोबर संपतो, तो वारशानं येत नाही. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या १४ व्या कलमात एक वाट आहे: आपल्या पश्चात आपल्या माहितीबाबतचे हक्क कुणी बजावायचे, यासाठी माणूस नॉमिनी नेमू शकेल. बँकेच्या खात्याला आपण नॉमिनी लावतो तसाच. ही गोष्ट खेड्यापाड्यात कुणाला ठाऊक नाही. वर्तमानपत्रांनी ती सोप्या भाषेत छापायला हवी. आणि त्याही पुढे जाऊन कायद्यात स्पष्ट यायला हवं की हयातीत लेखी संमती दिली नसेल तर कुणाच्याही मृत आवाजात, मृत चेहऱ्यावर नवं वाक्य करता येणार नाही. वारसांची संमती पुरेशी धरू नये. जिथं वारसांतच वाटणीचा तंटा आहे तिथं त्यांची संमती म्हणजे एका बाजूचा पुरावा.

मग गेलेल्याचं ठेवायचं काय? पुष्कळ आहे, फक्त आपण ते सडू देतो आहोत. लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट घरोघरी ट्रंकांत पडून आहेत, बुरशी धरते आहे. त्यांत वरातीच्या गोंधळात आजोबा ओरडताना सापडतात, ‘अरे, त्या पाहुण्यांना वाढा की!’ मी अशा कॅसेट पुसून, चालवून संगणकावर घेतो. दोन तासांत आजोबांचं एक वाक्य मिळतं, पण ते त्यांचं असतं, पाहुण्यांच्या पोटाची काळजी त्यांची असते. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. आता त्या ‘पारी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर आहेत. त्यांत परभणीकडच्या ताडकळसच्या, बीडकडच्या माजलगावच्या बायांचे आवाज आहेत. त्यांतल्या काही जणी आता नाहीत. गाताना मध्येच दम लागतो, कुणीतरी खोकतं, मागे कोंबडा ओरडतो. असं आपल्या आयांचं कुणी केलं आहे का? आमच्या भागातल्या ज्या बाया आज सत्तरीच्या पुढे आहेत त्यांचा आवाज कुठंच साठलेला नाही. मोबाईल घरात चार असतात, पण ते तिच्यापुढे कुणी धरत नाही. तिला बसवा, विचारा, तिचं माहेर कसं होतं, भूकंपाच्या किंवा बहात्तरच्या दुष्काळाच्या दिवसांत काय खाल्लं, खडी फोडायला कुठं गेली. ती जेवढं सांगेल तेवढं ठेवा. जे सांगणार नाही ते तिचं.

मी स्वतःपुरता एक कागद करून ठेवला आहे. बायको, मुलगा आणि मुलगी तिघांच्या त्यावर सह्या आहेत. मजकूर असा: ‘माझे फोटो ठेवावेत. माझा आवाज जिथं जिथं असेल तो खुशाल ऐकावा. मी न बोललेलं वाक्य माझ्या आवाजात किंवा माझ्या चेहऱ्यावर कुणीही करू नये, ते माझ्या कौतुकाचं असलं तरी नाही, घरच्यांच्या समाधानासाठी असलं तरी नाही. शेतीवाडीचं मला जे सांगायचं आहे ते मी मृत्युपत्रात लिहिलं आहे.’ कुणाला हा मजकूर वापरायचा असेल तर जरूर वापरावा.

शेवटी आपल्याला एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर आपण छापावं ही विनंती. आपल्या वर्तमानपत्रात रोज पुण्यस्मरणाच्या जाहिराती येतात. त्यांतले पुष्कळ फोटो माझ्यासारख्यांनी केलेले असतात. उद्या अशा जाहिरातीच्या कोपऱ्यात कुणी क्यूआर कोड दिला, तो मोबाईलनं टिपला की फोटोतला माणूस बोलायला लागेल आणि त्यानं कधी न म्हटलेलं म्हणेल. पैसे रोख, कुटुंबाची सही आहे. अशी जाहिरात आपण घेणार का?

आपला,
एक छायाचित्रकार
औसा, जि. लातूर

(पत्रात आलेलं कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.)